पडायला शिकवणारी कुस्ती



गेल्या पावसाळ्यात मावळातल्या एका गावी भातावरच्या करप्याची पाहणी करायला गेलो होतो. खाचरे पाहून झाली, काय फवारायचे ते सांगून झाले. बांधावरून परत फिरतो तोच शेताचे मालक तात्या मागून म्हणाले, "साहेब, येक इचारू का? शेतीचं नाय."

"विचारा की, तात्या."

"आमची धाकटी आठवीत हाये. शाळेत नवं सर आल्यात, त्यांनी तिचं नाव ज्युडोत घातलंय. आता जिल्ह्याला न्यायचं म्हणत्यात. तिची आई म्हणती, पोरीच्या जातीला कशाला ही धरपकड? उद्या हात मोडला तर काय करायचं? ह्ये ज्युडो म्हंजी नेमकं काय वो? कुस्ती, का मारामारी?"

आता योगायोग असा की या प्रश्नाचे थोडेफार उत्तर माझ्यापाशी होते. कृषी महाविद्यालयात असताना वसतिगृहातल्या एका मित्राच्या नादाने मी दोन वर्षे ज्युडोच्या चटईवर आपटून घेतले आहे. पदक कधी मिळाले नाही, पण खेळ कळला, आणि पुढे त्याच्याविषयी मिळेल ते वाचत राहिलो. तात्यांना बांधावर उभ्या उभ्या जमले तेवढे सांगितले. उरलेले इथे सांगतो, कारण आता शालेय क्रीडा स्पर्धांतून हा खेळ तालुक्यापर्यंत आला आहे आणि उद्या तुमच्याही घरी हाच प्रश्न उभा राहील.

मारामारी तर नव्हेच. ज्युडोत ठोसा नाही, लाथ नाही. ही कुस्तीच आहे, पण अंगरख्यातली. आपला पैलवान लंगोटावर मातीत उतरतो, धरायला समोरच्याचे अंगच. ज्युडोत जाड सुती विणीचा अंगरखा, खाली विजार आणि कमरेला पट्टा असतो. समोरच्याची गळपट्टी एका हातात आणि बाही दुसऱ्या हातात धरायची आणि तिथून डाव सुरू. आतली टांग आहे, बाहेरची टांग आहे, धोबीपछाडीसारखा पाठीवर घेऊन टाकायचा डाव आहे. आपल्या फडात बसलेला जाणता माणूस पहिल्यांदा ज्युडो पाहील तर पाच मिनिटांत निम्मे डाव ओळखील.

निकालही ओळखीचा. पाठीवर, जोराने, वेगाने आणि आपल्या ताब्यात ठेवून पाडले की चितपट. त्याला ते 'इप्पोन' म्हणतात, आणि लढत तिथेच संपते. पाडणे अर्धेमुर्धे झाले तर 'वाझा-आरी' मिळते, अशा दोन झाल्या की एक इप्पोन. याशिवाय जमिनीवर पाठीशी २० सेकंद दाबून धरले तरी जिंकता येते, किंवा गळा आवळून वा कोपराचा सांधा अडकवून समोरच्याला शरण आणता येते. शरण जाणाऱ्याने तोंडाने बोलायचीही गरज नाही. हाताने दोनदा थोपटले की पुरे, वरच्याने त्याच क्षणी सोडायचे. लढत चार मिनिटांची. बरोबरी झाली तर जादा वेळ, आणि त्यात जो आधी गुण घेईल तो जिंकला.

हा खेळ बसवला जिगोरो कानो या जपानी मास्तरांनी. ते १८६० साली जन्मले. अंगाने लहानखुरे, त्यामुळे शाळेत दांडग्या मुलांचा मार खाल्लेला. म्हणून त्यांनी जुजुत्सू नावाची जुनी झुंजविद्या शिकायला घेतली. त्या काळी जपानात सामुराईंचे दिवस संपले होते आणि ती विद्या मागे पडत चालली होती. कानोंनी निरनिराळ्या घराण्यांचे डाव पाहिले, जीवघेणे होते ते बाजूला काढले, उरलेल्यांची मांडणी केली आणि १८८२ साली तोक्योतल्या एका देवळाच्या खोलीत आपली तालीम उघडली. तिचे नाव कोदोकान. सुरुवातीला जागा किती, तर बारा चटयांची.

'जू' म्हणजे नरमाई, समोरच्या जोराला वाट देणे. तो ढकलतो तेव्हा आपण उलट ढकलायचे नाही, ओढून घ्यायचे. तो ओढतो तेव्हा त्याच्याच दिशेने आत शिरायचे. पुरात लव्हाळे काय करते ते आपल्याला कोणी सांगायला नको. पण नुसते वाकून भागत नाही. समोरच्याचा तोल आधी मोडावा लागतो. डिझेलने भरलेले पिंप आठवा. उभे असताना दोघांनी ढकलले तरी हलत नाही. तेच कडेवर कलते केले की एकटा गडी ते फिरवत फिरवत अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेतो. पिंपाचे वजन कमी झाले का? नाही. त्याचा तोल आपल्या हातात आला. ज्युडोचा सगळा धडा या पिंपात आहे, आणि म्हणूनच अंगाने लहान माणसाला त्यात जागा आहे.

एक गोष्ट मात्र आपल्या तालमीपेक्षा वेगळी. नवे पोर आले की त्याला पहिले कित्येक दिवस एकही डाव शिकवत नाहीत. पडायला शिकवतात. मागे पडणे, कुशीवर पडणे, पुढे कोलांटी घेऊन पडणे. हनुवटी छातीला लावायची म्हणजे डोके आपटत नाही. पाठ गोल ठेवायची. जमिनीला टेकता टेकता सगळा हात पसरून चटईवर जोराने मारायचा, म्हणजे दणका एका जागी बसत नाही. आमचे शिक्षक शंभर शंभर वेळा पाडायचे. आठवडाभर मला वाटायचे, हा माणूस आपल्याला खेळ शिकवतोय की शिक्षा करतोय? पुढे नोकरीत पावसाळ्यात एकदा शेवाळलेल्या पायऱ्यांवरून घसरलो. हाताला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. अंगाने आपले आपणच केले सगळे.

ज्या चटईवर हे पडणे चालते तिचीही गंमत ऐका. जपानी तातामी चटईच्या पोटात मूळचा असतो भाताचा पेंढा, दाबून दाबून घट्ट केलेला, आणि वरून लव्हाळ्यासारख्या गवताची वीण. आज स्पर्धांना रबरी फोमच्या चटया वापरतात, पण ही विद्या वाढली ती भाताच्या पेंढ्यावर. हे ऐकून तात्या आपल्या उडवीकडे बघून हसले.

कानो नुसते वस्ताद नव्हते. तोक्योच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे ते अनेक वर्षे प्राचार्य होते. १९०९ साली ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले, आशियातले पहिलेच. आपली विद्या त्यांनी झाकून ठेवली नाही. शिष्यांना देशोदेशी पाठवले, स्वतः हिंडले. आपल्याकडे रवींद्रनाथ ठाकुरांनी १९२९ साली ताकागाकी नावाच्या जपानी ज्युडो शिक्षकांना शांतिनिकेतनात बोलावले होते, आणि तिथे मुलींनाही ज्युडो शिकवत असत. कानो १९३८ साली कैरोच्या ऑलिंपिक बैठकीहून परतताना बोटीवरच वारले. १९४० चे ऑलिंपिक तोक्योला भरायचे ठरले होते, तेही युद्धापायी गेले.

तोक्योत ऑलिंपिक भरले ते १९६४ साली, आणि ज्युडो ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला तोही तेव्हाच. त्या स्पर्धेतल्या एका लढतीची हकीकत तुम्हाला सांगायची आहे.

तारीख २३ ऑक्टोबर १९६४. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना हा दिवस हॉकीसाठी आठवत असेल. त्याच दिवशी तोक्योत मोहिंदर लालने गोल केला आणि आपण पाकिस्तानला १-० ने हरवून सुवर्णपदक परत आणले. इकडे आपण पेढे वाटत होतो, आणि त्याच शहरात, त्याच दिवशी, बुदोकान नावाच्या अष्टकोनी सभागृहात हजारो जपानी माणसे श्वास रोखून बसली होती.

हे बुदोकान खास ज्युडोसाठी उभारले होते. स्पर्धेत चार गट होते. ६८ किलोपर्यंत, ८० किलोपर्यंत, ८० च्या वर आणि चौथा खुला, म्हणजे वजनाची अटच नाही. पहिले तीन दिवस जपानने एकेक सुवर्ण घेतले. नाकातानी, ओकानो, मग इनोकुमा. इनोकुमाने तर आपल्यापेक्षा अंगापिंडाने बराच मोठा असलेल्या कॅनडाच्या रॉजर्सवर मात केली. पण जपान्यांच्या मनात खरा गट एकच होता, खुला. लहान माणूस मोठ्याला पाडू शकतो हीच तर कानोंची शिकवण, आणि तिचा कस वजनाची अट नसते तिथेच लागणार.

जपानतर्फे उभा होता आकिओ कामिनागा. उंची पाच फूट दहा इंचांच्या आसपास, वजन शंभर किलोंच्या थोडे वर. समोर हॉलंडचा अँटन गेसिंक, साडेसहा फूट उंच, वजन १२० किलोंच्या घरात. हा युट्रेक्ट गावचा, गरीब घरचा, पोरवयापासून इमारतीच्या कामावर राबलेला. पण नुसता आडदांड गडी म्हणाल तर चूक होईल. तो जपानात येऊन राहिला होता, तेन्री विद्यापीठाच्या तालमीत जपानी वस्तादांच्या हाताखाली घाम गाळून गेला होता. १९६१ साली पॅरिसला त्याने जागतिक अजिंक्यपद मिळवले तेव्हा जपानबाहेरचा पहिला विजेता ठरला. त्या स्पर्धेत त्याने कामिनागालाही हरवले होते. इतकेच नव्हे, तोक्योत अंतिम फेरीच्या आधी दोघे एकदा भिडले होते, तेव्हाही गेसिंकच जिंकला होता. कामिनागा दुसऱ्या वाटेने पुन्हा वर आला होता.

म्हणजे कामिनागाला आपल्यापुढे कोण उभा आहे हे पुरते ठाऊक होते. दोनदा पडलेल्या पैलवानाने, सगळा देश पाहत असताना, तिसऱ्यांदा त्याच माणसाची गळपट्टी धरायची. विचार करा.

लढत लांबली. त्या काळी अंतिम लढतीला वेळ पुष्कळ असे. दोघेही सावध. कामिनागा डाव टाकायला बघतो, गेसिंक आपले वजन खाली सोडून उभा. आठ मिनिटे झाली, नववे लागले. कामिनागाने पुन्हा आत शिरून डाव टाकला. तो अडला, दोघे खाली आले आणि गेसिंकने त्याला कुशीकडून पकडले. एक हात मानेखालून, दुसऱ्या हाताने त्याचा दंड काखेत घट्ट दाबलेला, आणि सगळे वजन छातीवर. या पकडीला 'केसा-गातामे' म्हणतात. त्या वेळच्या नियमाने ३० सेकंद दाबून धरायचे होते. कामिनागा खालून धडपडत होता, पुलासारखी कंबर उचलत होता. पकड सुटली नाही. घड्याळात ९ मिनिटे २२ सेकंद झाली तेव्हा लढत संपलेली होती.

आणि आता मला सांगायचा प्रसंग. सुवर्णपदक निश्चित होताच हॉलंडची मंडळी आनंदाने चटईकडे धावली. गेसिंकने काय करावे? तो अजून पुरता उठलाही नव्हता. त्याने हात वर करून त्यांना जागीच थांबवले. चटईवर कुणी यायचे नाही. मग दोघे उभे राहिले, कपडे नीट केले, समोरासमोर उभे राहून वाकून नमस्कार केला. सगळे रीतसर झाले. सभागृहात लोक रडत होते, आणि ज्याने रडवले त्यानेच त्यांच्या विद्येची अदब राखली होती.

त्याच संध्याकाळी जपानच्या बायकांनी रशियाला हरवून व्हॉलीबॉलचे सुवर्ण जिंकले. त्यांतल्या बऱ्याच जणी कापडगिरणीत कामाला होत्या. एका दिवसात एका देशाच्या घरी लग्नही आणि सुतकही!

मी विस्तार खात्यातला माणूस. आमचा धंदाच असा की आपल्याला माहीत आहे ते दुसऱ्याच्या शेतात नेऊन लावायचे. भाताची चारसूत्री लागवड आम्ही शिकवली आणि दोन वर्षांनी त्याच गावच्या बाईने आमच्या प्रात्यक्षिकाच्या प्लॉटपेक्षा जास्त उतारा काढला, तर मनात क्षणभर खट्टू होते हे खोटे कशाला सांगू? पण मग वाटते, हेच तर हवे होते. त्या दिवशी गेसिंक हरला असता तर ज्युडो हा जपान्यांचा घरचा खेळ राहिला असता. तो जिंकला आणि जगाला कळले की ही विद्या कुणालाही येऊ शकते. १९६८ साली मेक्सिकोत ज्युडो नव्हता. १९७२ ला म्युनिकमध्ये तो परतला आणि पुढे कायमचा राहिला.

कामिनागाचे काय झाले? तुम्हाला वाटेल, हरलेला पैलवान तोंड लपवून बसला असेल. त्याने तालमीची वाट सोडली नाही. मेइजी विद्यापीठात तो पोरांना शिकवत राहिला. म्युनिकला खुल्या गटाचे सुवर्ण पुन्हा हॉलंडच्याच रुस्काने नेले. पण १९७६ ला मॉन्ट्रिऑलमध्ये ते पहिल्यांदा जपानला मिळाले. मिळवणारा हारुकी उएमुरा, कामिनागाच्या हाताखाली तयार झालेला. हाच उएमुरा पुढे कोदोकानचा प्रमुख झाला. कामिनागा १९९३ साली वारला आणि गेसिंक २०१० साली.

हे सगळे मी का सांगतो आहे? आमच्याकडच्या एका जत्रेत, काही वर्षांपूर्वी, बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या कुस्त्या लागल्या होत्या. नारळावरच्या. एक पोरगा हरला. मातीने माखलेला तसाच बाहेर आला, तर बापाने सगळ्या गावासमोर त्याच्या थोबाडीत मारली. हलगी वाजतच होती. पोरगा रडला नाही, नुसता जमिनीकडे बघत राहिला. पुढच्या जत्रेला तो फडात दिसला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. त्याला पाडले कोणी, समोरच्या पोराने की बापाने?

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकची गोष्टही थोडक्यात ऐकून ठेवा. पुन्हा खुला गट. जपानचा यासुहिरो यामाशिता हा वर्षानुवर्षे कुणाकडून न हरलेला पैलवान. १९८० साली जपानने मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला म्हणून त्याची संधी हुकली होती, चार वर्षे थांबला होता. दुसऱ्याच लढतीत त्याच्या उजव्या पोटरीचा स्नायू फाटला. लंगडतच तो अंतिम फेरीला आला. समोर इजिप्तचा मोहम्मद रशवान. सगळ्या जगाने पाहिले होते की यामाशिताचा कोणता पाय दुखतो आहे. यामाशिताने त्याला खाली घेऊन दाबले आणि मिनिटभरात लढत संपवली. रशवानने दुखऱ्या पायाचा फायदा उठवला नाही म्हणून पुढे त्याला खेळाडूवृत्तीचा आंतरराष्ट्रीय सन्मान मिळाला. त्याने नेमके काय केले आणि काय टाळले यावर जाणकारांत अजून वाद चालतात, ते चालोत. पण बक्षीस घ्यायला चढताना यामाशिताला पायरी चढवेना, तेव्हा हात दिला तो हरलेल्या रशवाननेच. याबाबत कुणाचा वाद नाही.

आता तात्यांच्या घरातल्या माउलीचा प्रश्न. पोरीच्या जातीला कशाला?

हा प्रश्न अमेरिकेतही विचारला गेला होता. १९५९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका ज्युडो स्पर्धेत रस्टी कानोकोगी नावाची बाई केस आखूड कापून पुरुषांच्या संघातून उतरली आणि आपली लढत जिंकली. मग आयोजकांनी विचारले, तू बाई आहेस का? तिने हो म्हटले, आणि पदक परत द्यावे लागले. ती गप्प बसली नाही. १९८० साली तिने न्यूयॉर्कमध्ये बायकांची पहिली जागतिक ज्युडो स्पर्धा भरवून दाखवली. १९८८ ला ऑलिंपिकमध्ये बायकांचा ज्युडो प्रात्यक्षिक म्हणून आला, १९९२ ला बार्सिलोनात पदकांसह. तिचे १९५९ चे पदक २००९ साली तिला सन्मानाने परत मिळाले. त्याच वर्षी ती वारली.

बार्सिलोनात ४८ किलो गटात जपानची एक सोळा-सतरा वर्षांची चिमुरडी उतरली होती, रिओको तामुरा. उंची पाच फुटांनाही दोन इंच कमी. ती अंतिम फेरीत हरली. १९९६ ला पुन्हा अंतिम फेरीत हरली, तीही उत्तर कोरियाच्या सोळा वर्षांच्या पोरीकडून. २००० साली सुवर्ण, २००४ साली सुवर्ण. लग्न झाले, मूल झाले, आणि त्यानंतर २००७ ला ती पुन्हा जगज्जेती झाली. बाळंतपणानंतर बाईचा खेळ संपला म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आपल्या देशाची त्याच ४८ किलो गटातली खेळाडू म्हणजे मणिपूरची सुशीला देवी लिकमाबाम. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत तिने रौप्य मिळवले. २०२१ साली, एक वर्ष उशिरा, तोक्योत पुन्हा ऑलिंपिक भरले तेव्हा ज्युडोत भारताकडून ती एकटी होती. आणि लढती कुठे झाल्या? त्याच अष्टकोनी बुदोकानमध्ये, जिथे कामिनागा पडला होता. सुशीला पहिल्याच फेरीत हंगेरीच्या अनुभवी खेळाडूकडून हरली. वर्तमानपत्रांत दोन ओळी आल्या, विषय संपला. दुसऱ्या वर्षी, २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत, तिने पुन्हा रौप्य आणले. अंतिम लढत बरोबरीत सुटून जादा वेळेत गेली, आणि तिथे एका वाझा-आरीने हुकली. त्याच स्पर्धेत तुलिका मानने सर्वांत जड गटात रौप्य आणि विजयकुमार यादवने ६० किलोत कांस्य मिळवले. ऑलिंपिकचे ज्युडो पदक मात्र आपल्या देशाला अजून मिळालेले नाही.

राहिला हातपाय मोडण्याचा प्रश्न. यात लपवाछपवी नको. ज्युडोत लागते. बोटे मुरगळतात, गुडघा दुखावतो, कधी गळ्याजवळचे हाड मोडते. खुद्द जपानात शाळांतल्या ज्युडोत डोक्याला मार बसून मुले दगावली आहेत आणि त्यावरून तिथे मोठा गदारोळ झाला. बहुतेक वेळा अशी मुले नवखी होती, पडणे अंगवळणी पडायच्या आत पाडली गेलेली. तेव्हा पोरीला घालण्याआधी आईबापांनी एक दिवस सवड काढून तालीम प्रत्यक्ष पाहावी. चटई धड आहे का, की सतरंजीवर भागवतात? नव्या मुलांना शिक्षक आधी पडायला शिकवतात, की पहिल्याच दिवशी मोठ्या मुलांशी भिडवतात? बरोबर आणखी मुली आहेत का, बाहेरगावी नेताना सोबत बाई शिक्षिका असते का? लहान मुलांना गळा आवळायचे आणि सांधा अडकवायचे डाव करू देत नाहीत ना? डोके आपटले आणि पोर गप्प गप्प झाले, ओकले, तर त्या दिवशी आणि पुढेही डॉक्टरांनी सांगेपर्यंत खेळ बंद.

आणखी एक, बायाबापड्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. वजनी गटात बसावे म्हणून पोरी जेवण तोडतात. वाढत्या वयात दोन किलो वजन कमी करायला उपाशी राहणे म्हणजे पोटरीतल्या भाताचे पाणी तोडण्यासारखे आहे. पोर वरच्या गटात गेले तर जाऊ द्या. भाकरी, डाळ, दूध, अंडे चालत असेल तर अंडे, हे थांबवू नका.

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात. नियम, वजनगट, तारखा यांची माहिती शाळेतले क्रीडाशिक्षक किंवा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचे कार्यालय देते. विचारायला संकोच करू नये.

तात्यांकडे पुन्हा गेलो ते भात झोडपणी झाल्यावर. अंगणात पेंढा पसरला होता, हातभर उंच, आणि त्यावर जुने पोते शिवून अंथरलेले. धाकटी आणि शेजारच्या दोन पोरी त्यावर पाठीवर पडत होत्या आणि हात आपटत होत्या. धाड, धाड. म्हैस कावरीबावरी होऊन बघत होती.

"जिल्ह्याला काय झालं?" मी विचारले.

"गेली व्हती. पहिलीत जिंकली, दुसरीत पडली," तात्या म्हणाले. "घरी आली तर तिच्या आईनं आधी हातपाय चाचपून बघितलं. मग इचारलं, किती वाजता जेवली व्हतीस?"

माउली आतून चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "साहेब, पेंढा लई वाया जातोय पर. म्हशीला पुरल का उन्हाळ्यात?"

पेंढ्याला युरियाची प्रक्रिया कशी करायची ते मी त्यांना सांगितले. ते पुढच्या अंकात.